पोकळ, हलकें आणि बळकट

गेल्या उन्हाळ्यांतील गोष्ट. आमचें बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाहीं. दर महिना-दीड महिन्यानें गॅसवाला खांद्यावर लोखंडी सिलिंडर घेऊन तीन जिने चढून येतो, दारांत तो दाणकन् टेकवितो आणि पायरीवर बसून घाम पुसतो. ह्या सिलिंडरांत गॅस १४.२ किलोग्रॅम असतो. परंतु ज्या पोलादी भांड्यांत तो कोंडलेला असतो तें भांडेंच पंधरा-सोळा किलोंचें असतें. म्हणजे त्या बिचाऱ्याच्या खांद्यावरील अर्ध्याहून अधिक ओझें गॅसाचें नसून भांड्याचें असतें. त्या दिवशीं मात्र तो एक फिकट, दुधी कांचेसारखें दिसणारें भांडें हातांत धरून, विशेष न धापतां वर आला. "मास्तर, हा नवा सिलिंडर. प्लास्टिकचा आहे," असें त्यानें कौतुकानें सांगितलें.

तें ऐकतांच आमच्या मातोश्री स्वयंपाकघरांतून बाहेर आल्या. त्यांनीं सिलिंडराला बोटानें टिचकी मारून पाहिली. "अरे, प्लास्टिकच्या बादलीला दोन वर्षांत चीर जाते, आणि ह्यांत गॅस कोंडायचा? तोहि माझ्या शेगडीपाशीं? मला नको बाबा. परत पाठव."

मीं तो परत पाठविला नाहीं. परंतु मातोश्रींचा प्रश्न अगदीं रास्त होता, आणि त्याचें उत्तर मला वाटलें होतें तितकें थोडक्यांत देतां येईना. त्यांना जें सांगावें लागलें तेंच येथें जरा विस्तारानें लिहीत आहें.

हा सिलिंडर नुसत्या प्लास्टिकचा नाहीं. इंडियन ऑइल कंपनीनें तो २०२१ सालीं घरगुती वापरासाठीं आणला. त्याची भिंत तीन थरांची असते. अगदीं आंत पॉलिथिलीनचें एक पोकळ अस्तर असतें. त्यावर राळेंत भिजविलेल्या कांचतंतूंचे वेढे गुंडाळलेले असतात. आणि सर्वांत बाहेर, धक्के सोसण्यासाठीं, पुन्हां पॉलिथिलीनचा जाड अंगरखा असतो. गॅसाला बाहेर झिरपूं न देणें एवढेंच आंतल्या अस्तराचें काम. दाब सोसण्याचें काम मधल्या तंतूंचें. मातोश्रींच्या बादलींत तंतु नाहींत. तेथेंच सगळा फरक आहे. रिकाम्या पोलादी सिलिंडराच्या मानानें ह्याचें वजन सुमारें निम्मेंच भरतें. मात्र मोठ्यांतल्या मोठ्या नगांतहि गॅस १० किलोच मावतो, हेंहि सांगितलें पाहिजे. गॅसवाल्याचा दम कमी लागला तो कांहीं अंशीं त्यामुळें.

सिलिंडर पोकळ असतो तो गॅस भरावयाचा म्हणून. परंतु सायकलीचा सांगाडा, टेनिसची रॅकेट ह्या वस्तु पोकळ करण्यांत हलकेपणा हाच मुख्य लाभ असतो, आणि ही युक्ति मनुष्यानें शोधलेली नाहीं. आपल्याकडील कोणताहि वेळू पाहा. त्याच्या कांडांत मध्यें कांहींच नसतें. तरी त्याच्या कावडीवर दोन घागरी पाणी निमूटपणें वाहिलें जातें. पक्ष्यांचीं हाडें आणि गवताच्या काड्या पोकळ असूनहि इतक्या बळकट कां, ह्याचा विचार गॅलिलिओनें १६३८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या शेवटच्या ग्रंथांत केलेला आहे. त्याचें इंगित एका लहानशा हिशेबानें कळतें.

एक भरीव कांठी घ्या. तिचा व्यास ३ एकक. आतां तितक्याच द्रव्याची एक नळी करा; तिचा बाहेरचा व्यास ५ आणि आंतला ४. भूमितींतील ३, ४, ५ ह्या त्रिकुटाशीं तुमचा परिचय आहेच. ५ च्या वर्गांतून, म्हणजे २५ मधून, ४ चा वर्ग १६ वजा जातां ९ उरतात, आणि तोच ३ चा वर्ग. तेव्हां दोहोंच्या छेदाचें क्षेत्रफळ सारखें आणि वजनहि सारखें. परंतु वांकविण्याला होणारा विरोध व्यासाच्या वर्गावर नव्हे, तर चतुर्थ घातावर अवलंबून असतो. भरीव कांठीचा आंकडा ३ चा चतुर्थ घात, म्हणजे ८१. नळीचा आंकडा ६२५ वजा २५६, म्हणजे ३६९. वजन तेंच, द्रव्य तेंच, पण नळी साडेचार पटींहून अधिक ताठ! कांठी वांकतांना बाहेरच्या अंगाला ताण बसतो, आंतल्या अंगाला दाब बसतो, आणि मध्यरेषेजवळचें द्रव्य जवळजवळ स्वस्थ बसलेलें असतें. पोकळ नळींत हा आळशी भाग काढून जेथें काम आहे तेथें नेऊन ठेवलेला असतो. ज्यांना आंकड्यांचा कंटाळा असेल त्यांनीं वर्तमानपत्राचे दोन सारखे कागद घ्यावे. एकाची घट्ट भरीव सुरळी करावी, दुसऱ्याची बोटभर रुंद नळी करावी, दोन्हीं दोन स्टुलांवर आडव्या ठेवून मध्यें दोऱ्यानें पुस्तक टांगावें आणि कोणती अधिक वांकते तें पाहावें.

ह्या युक्तीला मर्यादा आहे. नळी फारच रुंद आणि तिची भिंत फारच पातळ केली कीं ती वांकण्याऐवजीं चेपते आणि एकदम दुमडते. वेळूनें त्यावरहि तोड काढलेली आहे: ठिकठिकाणीं गांठी, आणि प्रत्येक गांठींत आडवा पडदा. त्यामुळें नळीचा वाटोळेपणा टिकून राहतो.

वेळूची दुसरी करामत सुरीनें उभा चिरला म्हणजे दिसते. तो सरळ उभा फाटतो, कारण त्याच्या भिंतींत बुडख्याकडून शेंड्याकडे जाणारे चिवट तंतु असतात आणि ते एका मऊ द्रव्यानें एकमेकांस चिकटविलेले असतात. शिवाय हे तंतु सालीकडे दाट आणि आंतल्या बाजूस विरळ असतात. जेथें ताण अधिक तेथेंच ते गर्दी करतात. तंतु आणि त्यांना धरून ठेवणारें द्रव्य, अशी ही जोडी आहे. आजच्या कारखान्यांत जें चाललें आहे तें मुळांत हेंच. द्रव्यें तेवढीं निराळीं आहेत.

पहिला तंतु कांचेचा. कांच म्हणजे ठिसूळपणाचें उदाहरण. पेला हातांतून पडला कीं खेळ संपला. परंतु १९२० च्या सुमारास इंग्लंडांत ग्रिफिथ नांवाच्या शास्त्रज्ञानें असें दाखविलें कीं, कांच फुटते ती तिच्यांतील बारीक चिरांमुळें. तिचे जसजसे बारीक तंतु काढावे तसतशी मोठी चीर राहण्यास जागाच उरत नाहीं आणि बळ वाढत जातें. अमेरिकेंत १९३० नंतरच्या दशकांत असे तंतु मोठ्या प्रमाणावर निघूं लागले. दुसरा तंतु कर्बाचा, आणि येथें वेळू पुन्हां भेटतो. एडिसननें १८८० च्या सुमारास आपल्या विजेच्या दिव्यांसाठीं जपानी बांबूची बारीक काडी हवाबंद जाळून तिची कर्बाची तार केली होती. ती उजेड देई, पण ओझें उचलण्याच्या कामाची नव्हती. आजचा कर्बतंतु एका कृत्रिम धाग्यापासून करतात. तो धागा ताणून धरून प्रथम हवेंत दोनशें-तीनशें अंशांपर्यंत तापवितात आणि नंतर प्राणवायु लागूं न देतां हजार अंशांहून अधिक तापवितात. उरतो तो काळा कर्बाचा तंतु, मनुष्याच्या केसाच्या सुमारें दहाव्या हिश्शाइतका बारीक. तंतूपुरतेंच बोलावयाचें तर, सारख्याच जाडीच्या साध्या बांधकामी पोलादाहून तो सुमारें दसपट ओझें तोलून धरतो. आणि वजन पोलादाच्या चौथ्या हिश्शाहूनहि कमी. असे बारा-बारा हजार तंतु एकत्र घेऊन एक पट्टीसारखा पेळू करतात आणि तो रिळावर गुंडाळून कारखान्यांत येतो.

प्लास्टिकमध्यें तंतूंचे बारीक तुकडे मिसळूनहि पुष्कळ वस्तु करतात. यंत्रांचे दांडे, खुर्च्यांचे पाय, पंख्यांचीं पातीं अशा रीतीनें होतात. तें म्हणजे भिंतीच्या मातींत पेंढा कुटून घालण्यासारखें झालें. माती तडकत नाहीं, पण तिचा दोर होत नाहीं. तुकडा जेथें संपतो तेथें भार प्लास्टिकवर पडतो आणि प्लास्टिक दुबळें. अखंड तंतूंत हें होत नाहीं. तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भार स्वतः वाहून नेतो. मग प्लास्टिकचें किंवा राळेचें काम काय? तंतूंना जागच्या जागीं धरणें, एकाचा भार शेजाऱ्याला वांटून देणें, त्यांना ओलीपासून व घासण्यापासून राखणें, आणि त्यांना आडवे होऊं न देणें. हें शेवटचें काम लक्षांत असूं द्यावें. पुढें एका दुःखद प्रसंगीं त्याची गरज लागेल.

तंतु खेंचला तर बलवान्, परंतु केवळ आपल्या दिशेनें. आडव्या दिशेस तो कांहींच मदत करीत नाहीं. वेळू उभा चिरला जातो तो ह्याचमुळें. म्हणून तंतु कोणत्या दिशेनें घालावा हें ठरविणें हेंच ह्या विद्येचें मर्म होय. आपल्या सिलिंडराचाच हिशेब करूं. समजा, त्याचा व्यास २० सेंटिमीटर, भिंतीची जाडी १ सेंटिमीटर आणि आंतला दाब दर चौरस सेंटिमीटरला १० किलो आहे. (स्वयंपाकाच्या गॅसाचा दाब ऋतुमानाप्रमाणें साधारण वातावरणाच्या पांच ते दहापट असतो, तेव्हां ही कल्पना फार दूरची नाहीं.) सिलिंडर मधोमध उभा चिरला आहे असें मानलें, तर दर सेंटिमीटर उंचीमागें दोन अर्धीं वेगळीं करूं पाहणारें बळ २० गुणिलें १०, म्हणजे २०० किलो, तें दोन बाजूंच्या भिंती मिळून दोन चौरस सेंटिमीटरांत सोसतात. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १०० किलो. आतां तो आडवा कापला आहे असें माना. झांकणाचें क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर, त्यावरील बळ ३,१४० किलो. तें सोसणाऱ्या कड्याचें क्षेत्रफळ सुमारें ६३. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ५० किलोच! आडव्या वेढ्यांवरचा ताण उभ्या दिशेच्या ताणाच्या बरोबर दुप्पट. कोणतीहि नळी आंतल्या दाबानें फुटते तेव्हां ती लांबीच्या दिशेनें उकलते, कडें तुटल्यासारखी आडवी तुटत नाहीं, ह्याचें कारण हेंच.

पोलादाला ह्या भेदाची पर्वा नाहीं. तें सर्व दिशांस सारखेंच बळकट. त्यामुळें उभ्या दिशेला अर्धें पोलाद फुकट असतें आणि तेंहि गॅसवाल्याच्या खांद्यावर बसून तीन जिने चढतें. तंतूंच्या बाबतींत मात्र जितकें हवें तितकें, हवें त्या दिशेला घालतां येतें. एकाच तिरक्या कोनांत तंतु गुंडाळून दोन्ही गरजा बरोबर भागवावयाच्या असतील तर तो कोन कोणता? ज्याच्या स्पर्शज्येचा वर्ग २ येतो तो, म्हणजे अक्षाशीं सुमारें ५५ अंशांचा. जाड दाबाच्या रबरी नळीवर दोऱ्यांचें जें विणकाम असतें त्याचा कोन बहुधा ह्याच्याच जवळपास येतो. कोनमापक घेऊन पाहण्यासारखें आहे. प्रत्यक्ष कारखान्यांत एकच कोन न घेतां कांहीं थर जवळजवळ उभे आणि कांहीं अगदीं आडवे असेंहि करतात.

आतां कारागिराची खरी अडचण. हवेवर दोरा गुंडाळतां येत नाहीं. तंतु गुंडाळावयाचे तर आंत कांहींतरी घट्ट गाभा पाहिजे. आणि वस्तु पोकळ व्हावयाची तर तोच गाभा पुढें नाहींसा झाला पाहिजे. सरळ नळी असेल तर प्रश्न सोपा आहे: गुळगुळीत पोलादी दांड्यावर तंतु गुंडाळावे, राळ पक्की झाली कीं दांडा ओढून घ्यावा. परंतु ज्या भांड्याचें पोट मोठें आणि तोंड लहान, त्यांतून दांडा बाहेर काढावा कसा? पोकळ प्लास्टिकच्या कामांत जितकी बुद्धि खर्च झाली आहे, तितकी बहुधा ह्या एका प्रश्नावर झाली असेल.

सिलिंडरवाल्यांचें उत्तर मला सर्वांत चतुर वाटतें: गाभा बाहेर काढूंच नये. प्लास्टिकची बाटली फुगवितात त्याच रीतीनें पॉलिथिलीनचें अस्तर सांच्यांत फुगवून घेतात आणि तेंच गाभा म्हणून यंत्रावर फिरवितात. विणकराच्या घरीं कांडी भरतांना ज्यांनीं पाहिलें असेल त्यांना हें यंत्र समजावयास वेळ लागणार नाहीं. अस्तर आपल्या अक्षाभोंवतीं फिरतें. राळेच्या तबकांतून भिजून निघालेले तंतु एका सरकत्या डोळ्यांतून त्यावर येतात. डोळा डावी-उजवीकडे धांवतो. डोळा हळू धांवला तर वेढे आडवे पडतात, वेगानें धांवला तर तिरके. दोन्हीं टोंकांच्या घुमटांवर मात्र तंतु घसरूं पाहतो. नारळाला सुतळी बांधतांना ती एकाएकीं निसटते, तसेंच. वाटोळ्या पृष्ठभागावर दोन बिंदूंमधील जी सर्वांत जवळची वाट, त्या वाटेनें नेलेला ताठ दोरा घसरत नाहीं. म्हणून घुमटावरची वाट आधीं गणितानें आंखून घ्यावी लागते. शेवटीं तें भांडें भट्टींत फिरवीत ठेवून राळ पक्की करतात. अस्तर आंतच राहतें आणि जन्मभर गॅस राखतें.

जेथें अस्तर नको असतें तेथें इतर युक्त्या. पाण्यांत विरघळणाऱ्या डिंकासारख्या द्रव्यानें वाळू बांधून तिचा गाभा करतात आणि मागाहून तो धुऊन काढतात. कधीं लवकर वितळणाऱ्या धातूचा गाभा ओततात व काम झाल्यावर तो वितळवून घेतात. ही कल्पना जुनीच म्हटली पाहिजे. मेणाची मूर्ति करून, तीवर माती लिंपून, मेण वितळवून काढून त्या पोकळींत धातु ओतण्याची रीत चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याच्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' ग्रंथांत वर्णिलेली आहे. बोइंग ७८७ ह्या विमानाच्या धडाचे मोठमोठे नळे प्रचंड फिरत्या गाभ्यावर कर्बतंतूंच्या पट्ट्या घालून करतात आणि तो गाभा सुटे सुटे भाग करून आंतून बाहेर काढतात. हें विमान प्रथम उडालें २००९ च्या डिसेंबरांत, आणि त्याच्या सांगाड्याचें सुमारें अर्धें वजन अशा तंतुयुक्त द्रव्याचें आहे.

रॅकेट आणि सायकलीचा सांगाडा करतांना गाभ्याच्या जागीं फुग्यासारखी पिशवी असते. राळेनें ओलसर केलेले तंतूंचे कपडे तिच्याभोंवतीं लपेटून तें सर्व दोन भागांच्या तापलेल्या सांच्यांत बंद करतात आणि पिशवींत हवा भरतात. हवा आंतून दाबते, सांचा बाहेरून; मध्यें तंतु चापून बसतात. पुढें पिशवी लहानशा भोकांतून ओढून घेतली कीं झालें.

नळी वांकडी-तिकडी असेल तर गुंडाळण्यापेक्षां विणणें बरें पडतें. गोव्यांत शिमग्याला गोफ खेळतात, तो कित्येकांनीं पाहिला असेल. वर टांगलेल्या रंगीत दोऱ्यांचीं टोंकें हातांत धरून नाचणारे अर्धे एका दिशेनें व अर्धे उलट दिशेनें, एकमेकांच्या आंतून-बाहेरून जातात आणि वर सुंदर वेणी पडत जाते. तंतु विणण्याचें यंत्र म्हणजे तंतोतंत हा गोफ. नाचणाऱ्यांच्या जागीं रिळें आणि मधोमध वस्तूचा गाभा. गाभा पुढें सरकेल तशी त्यावर विणलेली बाही चढते, वळणावर वळते, अरुंद जागीं आंवळते.

ह्यांतील सर्वांत नवी रीत अशी कीं, तिच्यांत गाभाहि प्लास्टिकच आणि तोहि रसरूप. अखंड तंतूंच्या प्लास्टिकमय फितींचें कवच आधीं सांच्यांत ठेवितात; त्यांत वितळलेलें प्लास्टिक भरतात; बाहेरचा भाग थिजूं लागतो तोंच मधल्या मऊ भागांत जोरानें वायु किंवा पाणी सोडतात. तें रसाला पुढें ढकलून बाहेर काढतें, आणि मागें राहते ती तंतूंनीं बांधलेली पोकळ नळी. पाण्यानें ती आंतून थंडहि होते. भट्टींत तासन् तास ठेवण्याचें काम मिनिटांवर येतें. म्हणून मोटारगाड्यांचे कारखाने तिच्याकडे आशेनें पाहतात.

एवढें ऐकल्यावर मातोश्रींनीं विचारलें, "म्हणजे हें फुटतच नाहीं म्हणतोस?" त्यांना मीं होय म्हटलें नाहीं. २०२३ सालच्या जून महिन्याच्या १८ तारखेस उत्तर अटलांटिक महासागरांत, बुडालेलें टायटॅनिक जहाज पाहावयास निघालेली 'टायटन' नांवाची लहान पाणबुडी चेपून नष्ट झाली आणि आंतील पांचहि माणसें तत्क्षणीं मरण पावलीं. तिचें शरीर कर्बतंतु गुंडाळून केलेला सुमारें पांच इंच जाड भिंतीचा नळा होतें; दोन्हीं टोंकांस टायटेनियमचे घुमट. गुंडाळण्याची विद्या तीच, तंतु उत्तम. मग उलट काय होतें? दाबाची दिशा. सिलिंडरांत दाब आंतून बाहेर असतो. तंतु ताणला जातो आणि ताण सोसण्यासाठींच तो जन्मला आहे. समुद्राच्या तळाशीं, पावणेचार हजार मीटरांहून अधिक खोलीवर, वातावरणाच्या जवळजवळ ३८० पट दाब बाहेरून आंत असतो. तेथें तंतु चेपला जातो. दोरीनें ओढतां येतें, ढकलतां येत नाहीं. चेपतांना तंतूला सरळ धरून ठेवण्याचें काम राळेचें. आणि तंतूला कोठें सुरकुती पडलेली असेल, किंवा थरांमध्यें हवेचे बुडबुडे राहिले असतील, तर तेथूनच तो आडवा होऊं लागतो. अपघातानंतरच्या चौकशींत त्या भिंतीच्या थरांत सुरकुत्या, पोकळ जागा आणि सुटलेले सांधे आढळले. शिवाय त्या भिंतीनें आधींच्या फेऱ्यांत दिलेले इशारे मालकांनीं मनावर घेतले नव्हते. पोलाद बहुधा पोंचते, वांकते, डोळ्यांना दिसते; हें द्रव्य पुष्कळदां बाहेरून नवें दिसत असतांच आंतून सुटलेलें असतें. म्हणून सिलिंडरावर तो जाड अंगरखा, म्हणून विक्रीपूर्वीं प्रत्येक नगावर वाजवीहून अधिक दाबाची परीक्षा, आणि म्हणूनच अंगरखा फाटलेला सिलिंडर दारांत आला तर तो घेऊं नये. गुंडाळतांना तंतु सैल राहिला नाहीं ना, भिजला पूर्ण ना, ह्यावर यंत्राजवळच्या माणसाचें लक्ष असणें हेंहि गणिताइतकेंच महत्त्वाचें आहे.

आंतून दाब असेल तेथें मात्र ह्या द्रव्याला तोड नाहीं. जपानांत २०१४ च्या अखेरीस विक्रीस आलेल्या टोयोटा कंपनीच्या 'मिराई' मोटारींत हायड्रोजन वायु वातावरणाच्या सुमारें ७०० पट दाबानें भरतात. त्या टाक्यांत आंत नायलॉनसारख्या प्लास्टिकचें अस्तर आणि त्यावर कर्बतंतूंचे वेढे असतात. सुमारें पांच किलो हायड्रोजनसाठीं टाक्यांचें वजन ८७ किलोंच्या घरांत जातें. हें ऐकून हंसूं येईल, पण पोलादाच्या टाक्या केल्या असत्या तर त्या वाहून नेण्यांतच मोटारीची बरीच शक्ति गेली असती. आपल्या इस्रो संस्थेच्या पीएसएलव्ही अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचें घन इंधन ज्या कवचांत जळतें, तेंहि केव्हलार नांवाच्या चिवट तंतूचें आहे. हा तंतु १९६५ सालीं स्टेफनी क्वोलेक ह्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ बाईंनीं केलेल्या शोधांतून निघाला. अग्निबाणाच्या वरच्या टप्प्यांत कवचाचें वजन जितकें वांचवावें तितकें अधिक वजन उपग्रहाला देतां येतें. तेथें किलोकिलोचा हिशेब असतो.

सिलिंडर आमच्या घरीं राहिला. आंत गॅस किती उरला तें भिंतींतून अंधुक दिसतें, ही गोष्ट मातोश्रींना फार पसंत पडली; पाहुणे आले असतां ऐन वेळीं शेगडी विझण्याची भीति गेली. परंतु त्यांचा एक प्रश्न अजून शिल्लक आहे. "लोखंडाचा सिलिंडर जुना झाला तर भंगारवाला तरी नेतो. हा कोण नेईल?"

ह्याचें सरळ उत्तर देणें कठीण आहे. जी राळ भट्टींत एकदां पक्की होते ती उकडलेल्या अंड्यासारखी असते. पुन्हां तापवून ती पातळ होत नाहीं. राळ जाळून तंतु सोडवितां येतात, पण ते बहुधा तुकडे होऊनच हातीं लागतात. ज्या अखंडपणासाठीं एवढा खटाटोप केला तोच नाहींसा होतो. पॉलिप्रॉपिलीन किंवा नायलॉन ह्यांसारखीं प्लास्टिकें तुपासारखीं आहेत: तापविलीं कीं वितळतात, थंड केलीं कीं थिजतात. त्यांत बसविलेल्या तंतूंच्या फिती पुन्हां वितळवून दुसरी वस्तु करतां येते, आणि रसरूप गाभ्याच्या रीतीकडे कारखाने वळत आहेत त्याचें हेंहि एक कारण आहे. तेथेंहि तंतूचे तुकडे होतातच. निदान प्लास्टिक वायां जात नाहीं. आमच्या गल्लींतील भंगारवाल्याला मीं विचारून पाहिलें. त्यानें रिकामा सिलिंडर हातांत घेतला, वजन पाहिलें, आणि मान हलवून परत दिला.